दात काढल्यावर खड्ड्यात काय घडते?

दात काढायचा म्हटले की भल्याभल्यांची गाळण उडते. एरवी विंचवाला न भिणारा माणूससुद्धा दंतवैद्याच्या खुर्चीत बसला की खुर्चीचे हात घट्ट धरून ठेवतो. आपली सारी भीती असते ती चिमट्याची. चिमट्याचे काम मात्र बहुधा काही मिनिटांत आटोपते. त्यानंतर हिरडीत जो खड्डा उरतो, तो भरून येण्याचे काम कित्येक आठवडे चालू राहते. हे काम डॉक्टर करत नाहीत, आपले शरीर करते. दात काढण्यापूर्वी आणि काढल्यानंतर डॉक्टर ज्या सूचना देतात, त्यांतल्या बहुतेक या कामात विघ्न येऊ नये म्हणूनच असतात.

समजा, तुमच्या वर्गातल्या एका मुलाची खालची दाढ काढली. घरी येऊन त्याने आरशात पाहिले, तो थुंकी लालभडक! तो घाबरला. दर दहा मिनिटांनी खळखळून चूळ भरू लागला, थुंकू लागला. रात्री रक्त थांबले. दुसरा दिवस बरा गेला. तिसऱ्या दिवशी मात्र असा ठणका सुरू झाला की तो थेट कानापर्यंत पोचला. "दाढ नीट काढलेली दिसत नाही," असे घरातली मंडळी म्हणू लागली. खरे तर दाढ नीटच निघाली होती. मग चुकले कोठे? याचे उत्तर मिळवायचे तर आधी दात जबड्यात कसा बसलेला असतो, ते पाहायला हवे.

दात खिळ्यासारखा नसतो

दात जबड्याच्या हाडात भिंतीतल्या खिळ्यासारखा ठोकलेला असावा, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात दाताचे मूळ आणि हाड एकमेकांना चिकटलेले नसतात. दाताच्या मुळासाठी हाडात एक खोबण असते. मूळ आणि खोबणीची भिंत यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचे अस्तर असते. हे अस्तर असंख्य चिवट तंतूंचे बनलेले असते. या तंतूंची एक टोके मुळात रुतलेली असतात, तर दुसरी हाडात. दात या तंतूंवर जणू झोळीसारखा तोललेला असतो. म्हणून तर कडक सुपारी चावताना दात किंचित दबतो आणि धक्का सोसतो.

पुढच्या दातांना एकेकच मूळ असते. खालच्या दाढांना सामान्यतः दोन आणि वरच्या दाढांना तीन मुळे असतात. म्हणूनच दाढ काढणे हे पुढचा दात काढण्यापेक्षा अवघड काम आहे. मुळे वाकडी आहेत की सरळ, हे बाहेरून कळत नाही. त्यासाठी डॉक्टर क्ष-किरणांनी छायाचित्र घेतात.

काढायलाच हवा का?

किडलेला प्रत्येक दात काढावाच लागतो असे नाही. कीड वरवरची असेल तर ती कोरून त्या जागी सिमेंट किंवा अन्य पदार्थ भरता येतो. कीड दाताच्या गाभ्यापर्यंत, म्हणजे आतल्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंपर्यंत पोचली असली, तरी मुळातील नळी साफ करून दात वाचवता येतो. यालाच आपण रूट कॅनॉल म्हणतो. दाताचा फारच थोडा भाग उरला असेल, तो खिळखिळा झाला असेल, किंवा अक्कलदाढ आडवी उगवून शेजारच्या दाढेला त्रास देत असेल, तर तो काढणे हिताचे ठरते.

येथे तुमच्या घरातल्या लहान भावंडांविषयी एक गोष्ट सांगायला हवी. दुधाचे दात वीस असतात आणि ते पडून त्यांच्या जागी नवे दात येतात, हे सर्वांना ठाऊक असते. पण वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे जी दाढ उगवते, ती दुधाची नसते. ती कोणताही दात न पाडता गुपचूप येते. म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते. "पडणारच आहे, जाऊ द्या," असे म्हणून तिच्या किडीकडे दुर्लक्ष होते. ही दाढ कायमची असते. एकदा गेली की तिच्या जागी दुसरी येत नाही. आपल्या गोष्टीतल्या मुलाची गेलेली दाढ नेमकी हीच होती.

जाण्यापूर्वीची तयारी

दात फक्त हिरडी बधिर करून काढायचा असेल, तर उपाशीपोटी जाऊ नये. भीतीने नाडी मंदावते, रक्तदाब एकदम उतरतो, मेंदूला रक्त कमी पोचते आणि भोवळ येते. पोट रिकामे असेल तर असे होण्याचा संभव वाढतो. म्हणून तास-दोन तास आधी हलके जेवण घ्यावे आणि दात घासून जावे. मात्र रुग्णाला पूर्ण भूल देऊन दात काढायचा असेल, तर नियम अगदी उलटा असतो. अशा वेळी पोट रिकामेच हवे, कारण बेशुद्धीत पोटातले अन्न वर येऊन श्वासनलिकेत शिरू शकते. किती तास उपाशी राहायचे ते डॉक्टर सांगतात.

आपल्याला असलेले आजार आणि चालू असलेली औषधे डॉक्टरांना न लपवता सांगावीत. "दाताचा आणि हृदयाचा काय संबंध?" असे वाटून अनेक जण गप्प राहतात. संबंध असतो. दात काढताना तोंडातले काही जंतू रक्तात शिरतात. निरोगी शरीर त्यांचा लगेच बंदोबस्त करते. पण हृदयाची झडप बिघडलेली किंवा कृत्रिम असेल, तर हे जंतू तेथे ठाण मांडू शकतात. म्हणून अशा काही रुग्णांना दात काढण्यापूर्वी प्रतिजैविकाची मात्रा द्यावी लागते. मधुमेह असेल तर जखम भरायला वेळ लागतो आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. हीमोफिलिया या आनुवंशिक विकारात रक्त नीट गोठतच नाही. तेथे रुग्णालयात पूर्वतयारी करूनच दात काढतात.

आजोबा हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील, तर दात काढायचा म्हणून त्यांनी ती आपल्या मनाने बंद करू नये. दाताच्या खड्ड्यातले रक्त दाब देऊन किंवा टाके घालून थांबवता येते. गोळी बंद केल्यामुळे हृदयात किंवा मेंदूत गुठळी अडकली, तर मात्र प्राणावर बेतते. गोळीचे काय करायचे, हे दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवायचे असते.

बधिर होणे म्हणजे काय?

वेदनेविना दात काढणे ही तशी अलीकडची गोष्ट आहे. अमेरिकेतील हार्टफर्ड गावचे दंतवैद्य होरेस वेल्स यांनी १८४४ च्या डिसेंबरात हसवणारा वायू, म्हणजे नायट्रस ऑक्साइड, हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली. १८४६ साली विल्यम मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्याने इथरची भूल देऊन एका रुग्णाचा दात काढला आणि पुढच्याच महिन्यात बॉस्टनच्या रुग्णालयात इथरचे जाहीर प्रात्यक्षिक केले. शस्त्रक्रियेच्या इतिहासाला वळण देणाऱ्या या प्रयोगांची सुरुवात अशी दातांपासून झाली. १८८४ साली कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर करून दाखवला, आणि माणसाला शुद्धीवर ठेवून हवा तेवढाच भाग बधिर करण्याची वाट सापडली. कोकेनचे व्यसन लागते. म्हणून पुढे निर्धोक औषधांचा शोध सुरू झाला. १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी लिग्नोकेन तयार केले. आजही दात काढताना जगभर बहुधा हेच औषध टोचतात.

हे औषध करते काय? दुखल्याची बातमी मज्जातंतूंतून विजेच्या सूक्ष्म संदेशांच्या रूपाने मेंदूकडे जाते. संदेश पुढे सरकण्यासाठी मज्जातंतूच्या पातळ आवरणातील सूक्ष्म दारे उघडून सोडियमचे आयन आत शिरावे लागतात. लिग्नोकेन ही दारे अडवून धरते. दारे बंद, म्हणून संदेश बंद, म्हणून वेदना बंद. दाढ दुखावली जातच असते. ती बातमी मेंदूपर्यंत पोचत नाही, एवढेच. वेदना नेणारे तंतू बारीक असतात आणि लवकर बधिर होतात. दाबाची जाणीव नेणारे तंतू जाड असतात आणि ते सहसा पूर्ण बधिर होत नाहीत. म्हणून दात काढताना दुखत नाही, पण ढकलल्यासारखे, ओढल्यासारखे वाटते. हे आधी ठाऊक असले की माणूस दचकत नाही. खरोखर दुखलेच तर हात वर करावा. डॉक्टर आणखी औषध देऊ शकतात.

पू झालेल्या जागी हे औषध नीट लागू पडत नाही. त्याचे कारण रसायनशास्त्रात आहे. निरोगी ऊतींचा पीएच सुमारे ७.४ असतो. पू झालेली जागा त्याहून आम्लधर्मी असते. तेथे लिग्नोकेनचे बहुतेक रेणू विद्युतभारित होतात आणि असे रेणू मज्जातंतूच्या स्निग्ध आवरणातून आत शिरू शकत नाहीत. म्हणून कधी कधी डॉक्टर आधी पू काढून टाकतात, औषधे देतात आणि दात नंतर काढतात. कधी ते सुजलेल्या जागेपासून दूर, मज्जातंतूच्या वरच्या बाजूला सुई देतात.

"वरची दाढ काढली की डोळे अधू होतात," ही समजूत आपल्याकडे गावोगाव आढळते. चेहऱ्याची आणि दातांची संवेदना नेणारा एक मोठा मज्जातंतू आहे. त्याच्या तीन शाखा असतात : एक कपाळ आणि डोळ्याच्या भोवतालच्या भागाकडे, दुसरी वरच्या दातांकडे, तिसरी खालच्या दातांकडे. त्यामुळे दाढेचा ठणका डोळ्याभोवती जाणवू शकतो. पण आपण ज्याच्या साहाय्याने पाहतो तो दृष्टीचा मज्जातंतू अगदी निराळा आहे. तो डोळ्यातून निघून थेट मेंदूत जातो. दाढेशी त्याचे नाते नाही. दाढ काढल्याने नजर जात नाही. या भीतीपोटी सडकी दाढ वर्षानुवर्षे तोंडात बाळगणे मात्र धोक्याचे असते.

तरफ आणि चिमटा

दात "उपटतात" असे आपण म्हणतो. पण नुसता उपटायला गेले तर तो मोडेल. डॉक्टर प्रथम एक चपटे, बोथट पात्याचे हत्यार दात आणि हाड यांच्या फटीत सारून हलकेच फिरवतात. हे हत्यार म्हणजे तुम्ही भौतिकीत शिकलेली तरफच. तिच्या जोराने मघाचे चिवट तंतू तुटतात आणि दात सैल होतो. मग चिमट्याने दात धरून तो गालाकडे आणि जिभेकडे असा सावकाश झुलवतात. हाड काहीसे लवचीक असते. झुलवल्याने खोबण रुंदावते आणि दात बाहेर येतो. शेतात घट्ट रुतलेली खुंटी आपण आधी हलवून सैल करतो आणि मगच उपसतो, तसाच हा प्रकार आहे.

निसर्गाचे झाकण

दात निघाला की फाटलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून खड्ड्यात रक्त भरते. रक्तातल्या बिंबिका, ज्यांना डॉक्टर प्लेटलेट म्हणतात, त्या फाटलेल्या जागी गोळा होऊन एकमेकींना चिकटतात. त्याच वेळी रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेन या प्रथिनापासून फायब्रिनचे धागे बनू लागतात. या धाग्यांचे जाळे विणले जाते, त्यात रक्तपेशी अडकतात आणि खड्डाभर घट्ट, लालकाळी गुठळी तयार होते.

ही गुठळी म्हणजे नुसते साकळलेले रक्त नव्हे. ती उघड्या हाडावरचे झाकण असते. लाळ, अन्नाचे कण आणि जंतू यांना ती आत शिरू देत नाही. शिवाय नव्या पेशी याच जाळ्याच्या आधाराने खड्ड्यात चढतात. घर बांधताना गवंडी परांची बांधतो ना, तशी ही परांची आहे. ती आपण पाडली, तर बांधकाम थांबणारच.

म्हणून डॉक्टर खड्ड्यावर गॉजची घडी ठेवून ती अर्धा-पाऊण तास दातांत घट्ट दाबून धरायला सांगतात. दाबाने रक्तवाहिन्यांची तोंडे मिटतात आणि गुठळीला जमायला उसंत मिळते. दर पाच मिनिटांनी घडी काढून "थांबले का?" असे पाहिले, तर जमू लागलेली गुठळी घडीबरोबर उचकटून येते.

आता त्या लाल थुंकीचा विचार करू. एक छोटा प्रयोग करा. पेलाभर पाण्यात लाल शाईचे दोन-तीन थेंब टाका. सगळे पाणी लाल दिसते. आपल्या तोंडात दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. तिच्यात रक्ताचे थोडे थेंब मिसळले तरी तोंड रक्ताने भरल्याचा भास होतो. पहिला दिवसभर थुंकी गुलाबी असणे ही नेहमीची गोष्ट आहे. ती लाळ थुंकत न बसता हळूच गिळून टाकावी.

पहिले चोवीस तास

आता पुढच्या सूचनांची कारणे तुम्हीच सांगू शकाल.

पहिल्या दिवशी चूळ भरू नये, जोराने थुंकू नये. नळीने सरबत ओढू नये. नळीने ओढताना आपण तोंडातला हवेचा दाब कमी करतो, म्हणून बाहेरच्या हवेच्या दाबाने सरबत वर चढते. तोच कमी झालेला दाब खड्ड्यातली गुठळीही ओढून काढू शकतो. विडी-सिगारेट ओढतानाही तेच होते. त्यातच तंबाखूमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि जखमेला रक्त कमी पोचते. तंबाखूची गोळी दाढेखाली धरणे आणि मिशेरी लावणे हे आपल्याकडचे प्रकार एरवीही तोंडाच्या कर्करोगाला आमंत्रण देणारे आहेत; ताज्या जखमेवर तर त्यांचा स्पर्शही होऊ देऊ नये.

बधिरपणा दोन ते चार तास टिकतो. तो पुरता उतरेपर्यंत काही चावून खाऊ नये. ओठ आणि गाल आपले नाहीतसे वाटतात आणि लहान मुले गंमत म्हणून ते चावून रक्तबंबाळ करून घेतात. कढत चहाने तोंड भाजले तरी अशा वेळी कळत नाही. नंतर गार झालेला मऊ भात, दही, ताक, पेज, केळे असे पदार्थ दुसऱ्या बाजूने खावे. चिवडा, चकली, शेंगदाणे आणि झणझणीत रस्सा यांना चार-आठ दिवस रजा द्यावी.

गालावरून बाहेरून बर्फ लावता येतो. तो फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे लावावा, मग थोडे थांबावे. बर्फाने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि सूज मर्यादित राहते. पहिल्या दिवशी गाल शेकू नये. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्त पुन्हा सुरू होऊ शकते. धावणे, कबड्डी, जड ओझी उचलणे हेही दोन-तीन दिवस नको. झोपताना डोक्याखाली जास्तीची उशी घ्यावी. वरची दाढ काढली असेल तर जोराने नाक शिंकरू नये, कारण तिच्या मुळांच्या वर चेहऱ्याच्या हाडातली हवेची पोकळी असते आणि मधला हाडाचा पापुद्रा फार पातळ असतो.

वेदनेसाठी डॉक्टरांनी दिलेलीच गोळी घ्यावी. घरात पडलेली अॅस्पिरिनची गोळी घेऊ नये. अॅस्पिरिन बिंबिकांची चिकटण्याची शक्ती घालवते, आणि ती त्या बिंबिकेच्या उरलेल्या आयुष्यात, म्हणजे आठ-दहा दिवसांत, परत येत नाही. शिवाय सोळा वर्षांखालील मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून अॅस्पिरिन देत नाहीत, कारण त्यातून क्वचित यकृत आणि मेंदू यांना इजा करणारा गंभीर विकार उद्भवतो. काही जण गोळी कुटून हिरडीवर ठेवतात. त्याने दुखणे थांबत नाही. आम्लाने हिरडी मात्र भाजते. मागच्या आजारातली उरलेली प्रतिजैविकेही आपल्या मनाने घेऊ नयेत. दात काढलेल्या प्रत्येकाला त्यांची गरज नसते.

चोवीस तास उलटले की कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून, जेवणानंतर ते तोंडात हळूच धरावे आणि खळखळ न करता सोडून द्यावे. बाकीचे दात मऊ ब्रशने घासत राहावे, नाहीतर साचलेल्या अन्नात जंतू वाढतात.

गुठळी निसटली तर

आता आपल्या गोष्टीतल्या मुलाकडे वळू. दर दहा मिनिटांच्या चुळांबरोबर त्याची जमू पाहणारी गुठळी वाहून गेली असण्याचा संभव मोठा आहे. झाकण गेले आणि हाड उघडे पडले. उघड्या हाडाला लाळ, अन्न आणि हवा लागली की भयंकर ठणका लागतो. तो दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान सुरू होतो, कानाकडे सरकतो, तोंडाला घाण वास येतो आणि खड्डा रिकामा दिसतो. इंग्रजीत या विकाराला "ड्राय सॉकेट", म्हणजे कोरडी खोबण, हे नाव १८९६ साली मिळाले. साधारणपणे दात काढलेल्या शंभर जणांपैकी एक ते पाच जणांना हा त्रास होतो. खालच्या अक्कलदाढेनंतर आणि तंबाखू ओढणाऱ्यांमध्ये तो बराच जास्त आढळतो. कधी कधी सर्व काळजी घेऊनही गुठळी आपोआप विरघळते. म्हणून प्रत्येक वेळी रुग्णालाच दोष देता येत नाही.

यावर उपाय सोपा आहे. डॉक्टर खड्डा हलक्या हाताने धुतात आणि त्यात औषधाची पट्टी बसवतात. तिच्यात बहुधा युजेनॉल असते. हेच आपल्या लवंगेच्या तेलातले द्रव्य. ठणका बराच लवकर उतरतो आणि खड्डा पुढे यथावकाश भरून येतो.

खड्डा भरतो कसा?

आठवड्याभरात गुठळीच्या जागी हळूहळू नाजूक, लालसर ऊती येऊ लागते. तिच्यात बारीक रक्तवाहिन्या आणि नवे धागे विणणाऱ्या पेशी असतात. या काळात खड्ड्यावर पिवळट-पांढरा थर दिसतो. अनेकांना तो पू वाटतो आणि ते तो काडीने खरवडू पाहतात. तो बहुतेक वेळा फायब्रिनचा थर असतो, म्हणजे जखम बरी होत असल्याची खूण. त्याला हात लावू नये.

भोवतालच्या हिरडीच्या पेशी कडेने सरकत सरकत तीन ते पाच आठवड्यांत खड्ड्याचे तोंड झाकून टाकतात. आत, तळापासून आणि भिंतींपासून, नवे हाड बनू लागते. सहा-आठ आठवड्यांत खड्ड्याचा बराचसा भाग कच्च्या हाडाने भरतो. ते पक्के होऊन क्ष-किरणांच्या छायाचित्रात शेजारच्या हाडाशी एकरूप दिसायला चार ते सहा महिने लागतात. दाताचा भार नाहीसा झाल्यामुळे त्या जागचे हाड थोडे झिजतेही. शेजारचे दात रिकाम्या जागेकडे कलतात आणि समोरचा दात लांबतो. म्हणून कायमची दाढ गेली असेल, तर तिच्या जागी कृत्रिम दात बसवावा का, हे डॉक्टरांना विचारून ठेवावे.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत वाढते आणि मग ओसरू लागते. दुखणेही रोज थोडे कमी व्हायला हवे. उलट तिसऱ्या दिवसानंतर ते वाढू लागले, ताप आला, पू येऊ लागला, ओठाचा बधिरपणा दुसऱ्या दिवशीही उतरला नाही, किंवा घडी अर्धा तास घट्ट दाबूनही भळभळणारे रक्त थांबले नाही, तर डॉक्टरांकडे परत जावे.

एक खूण मात्र सर्वांत महत्त्वाची आहे. हनुवटीखाली टणक सूज आली, जीभ वर उचलली गेली, गिळता येईना किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये. सडलेल्या दाढेतला जंतुसंसर्ग जिभेखालच्या जागेत पसरून श्वासमार्ग दाबला जातो. जर्मन वैद्य लुडविग यांनी १८३६ साली या विकाराचे वर्णन केले. त्या काळी हा बहुधा प्राणघातक ठरे. आज वेळेवर मोठ्या रुग्णालयात पोचलेला रुग्ण बहुधा वाचतो. सडकी दाढ काढून घेतली नाही, तर या विकाराने जीवही जाऊ शकतो. दाढ काढायला भिणाऱ्या काकांना ही गोष्ट जरूर सांगा.

आपल्या गोष्टीतला मुलगा औषधाची पट्टी बसवून घरी आला, तेव्हा डॉक्टरांनी त्याला आणखी एक काम सांगितले होते. त्याची धाकटी बहीण सात वर्षांची होती. तिच्या दुधाच्या दाढांच्या मागे नुकतीच उगवलेली दाढ काळी पडली आहे का, ते पाहायचे. तुमच्याही घरात त्या वयाचे कोणी असेल, तर आज संध्याकाळी बॅटरी घेऊन त्याच्या तोंडात डोकावा. काळा डाग दिसला तर त्याला वेळीच डॉक्टरांकडे न्या. बहुधा नुसते कोरून भरण्यावर काम भागेल आणि मघाचा सगळा खटाटोप करावाच लागणार नाही.